मंचरच्या सुया

राजुरीत स्टँडजवळ आमचं एसटीडीचं बूथ होतं. शेती आणि गाई आमचे हे बघायचे, बूथ मी बघायचे. काचेची केबिन, आत फोन, बाहेर माझं टेबल आणि टेबलावर लाल आकडे पळणारं मीटर. केबिनचं दार नीट बसत नसे. सुताराला दोनदा बोलावलं, तरी बोटभर फट राहायचीच. त्या फटीतून वर्षानुवर्षं मी लोकांचं बोलणं ऐकत आले. मुंबईच्या मुलाला आई सांगायची, मी बरी आहे, आणि बाहेर येऊन कमरेला हात लावून पायरी उतरायची. कांदा अजून भरलेलाही नसायचा आणि माणूस आडत्याला सांगायचा, गाडी निघाली. ऐकून ऐकून माझा स्वभावच तसा झाला. कोणी काही म्हटलं की आधी मनात यायचं, खरं कशावरून?

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. मी पन्नाशीकडे झुकले होते. पाळी आधी मागेपुढे झाली, मग थांबली, आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. छातीतून सुरू व्हायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची. तोंड लाल व्हायचं, घामानं पोलकं पाठीला चिकटायचं, आणि घाम वाळला की हुडहुडी भरायची. फोनसाठी थांबलेली माणसं विचारायची, वैनी ताप आलाय का. काय सांगणार? हो म्हणायचे. झोप तुटायची, दिवसा हिशेब चुकायचा, आणि हे काही बोलले की डोळ्यांत पाणी यायचं. यांना वाटायचं माझं काहीतरी दुखावलं गेलंय. काय ते मलाही सांगता येत नव्हतं.

सब्जा झाला, धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, वाळा घातलेला माठ झाला. गावातल्या डॉक्टरांनी वर न बघता सांगितलं, वयाचं आहे, आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

माझं माहेर शिनोलीचं, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना लागतं ते. तिथून भावजयीचा फोन आला. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. भातलावणीनं गुडघे गेलेले, आणि वाफांचं दुखणं तिनं माझ्याआधी भोगलेलं. तिनं सांगितलं की मंचरला एक बाई आल्यात, बँकेतल्या साहेबांच्या मिसेस. त्या अंगाला सुया टोचतात, औषध न भरता, नुसत्याच. चिनी विद्या आहे म्हणे, मुंबईच्या डॉक्टरांकडून शिकलेली. तिचे गुडघे हलके झाले होते आणि घामही कमी झाला होता.

"वन्सं, तुमी एकदा येऊन तर बघा," ती म्हणाली. "माझं काय वाईट झालंय का?"

मी नाही म्हणाले. औषध नसलेली सुई कशाला टोचायची? आणि मुंबईच्या डॉक्टरांकडून शिकलेली, बँकेच्या बदलीनं आलेली बाई मंचरच्या भाड्याच्या खोलीत बसून चिनी इलाज करते, यातलं काय काय खरं धरायचं? पण त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला मी नको तितकं बोलले. तो जुना माणूस, गुपचूप पैसे ठेवून निघून गेला. मग गुरुवारी बूथ यांच्यावर सोपवलं आणि आळेफाट्यावरून मंचरची गाडी धरली. भावजय शिनोलीहून आली होती. स्टँडवर माझी वाट बघत उभी होती.

बाईंच्या बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कॉट, त्यावर स्वच्छ चादर, आणि भिंतीवर उघड्या माणसाचं मोठं चित्र. त्याच्या सगळ्या अंगावर ठिपके, आणि ठिपक्यांशेजारी चिनी अक्षरं. आम्ही दोघी चित्राकडे पाठ करून बसलो. बाई माझ्याच वयाच्या असतील. नागपूरकडच्या. बोलायच्या तेव्हा वाक्याच्या शेवटी एक वेगळाच हेल यायचा. त्यांनी माझी जीभ बघितली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली. मग विचारलं, तहान कशी लागते, गार पाणी लागतं की कोमट, पायाचे तळवे तापतात का, कानात आवाज येतो का, भीती वाटते का.

मला वाटलं, ही बाई माहिती काढतेय. आमच्याकडचे देवऋषीही असंच करतात. आधी दहा गोष्टी विचारतात, मग त्यातलीच एक उलटून सांगतात. बाईंनी सांगितलं, शरीरातलं पाणी कमी झालं की आतली आग वर चढते, तुमचं तेच झालंय. हे तर माझी आई सांगायची, उष्णता वाढली म्हणून. त्याला चीन कशाला हवा?

पण खरी भीती वेगळीच होती. त्या वर्षांत प्रत्येक स्टँडवर एड्सची पाटी असायची, आणि त्या पाटीवर सुईचं चित्र असायचं. मी बाईंना सरळ विचारलं, सुया कोणाकोणाला टोचता? त्यांना राग आला नाही. त्यांनी एक काचेची नळी काढली, तिच्यात नव्या सुया घातल्या, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलं. म्हणाल्या, या फक्त तुमच्या.

सुया केसासारख्या बारीक होत्या. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर एक लावली, एक पावलावर, एक मनगटाशी. दुखलं नाही. जागा जड पडली आणि मुंग्या आल्या, एवढंच. निघताना, बाई आत गेल्या होत्या तेव्हा, मी पदराच्या काठाचा एक हिरवा दोरा उसवला आणि नळीच्या गळ्याला बारीक गाठ मारून बांधला. भावजयीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

पुढच्या गुरुवारी नळीला दोरा नव्हता.

मी कॉटवर बसलेच नाही. उभ्यानंच विचारलं, "बाई, माझ्या नळीला दोरा होता, तो कुठं गेला?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मला स्वयंपाकघरात नेलं. गॅसवर कुकर होता. त्यांनी झाकण काढलं. आत स्टीलच्या डब्यात नळ्याच नळ्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर नाव. "दर बुधवारी सगळ्या वाफवते," त्या म्हणाल्या. "दोरा मी काढला. मला वाटलं कुठून तरी चिकटला असेल. तुम्हाला खात्री पाहिजे ना? मग तुमची नळी तुम्ही आल्यावर तुमच्या हातानं वाफवत जा."

त्यांना वाटलं असेल मी लाजेन. मी लाजले नाही. त्या दिवसापासून दर गुरुवारी मी आधी त्यांच्या स्वयंपाकघरात जायचे, माझी नळी कुकरमध्ये ठेवायचे आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याजवळ उभी राहायचे. भावजय पाटावर बसून बाईंशी गप्पा मारायची. घरी जाताना मी तिला म्हणायचे, मधल्या दिवसांत ती त्याच सुया दुसऱ्या कोणाला लावत नसेल कशावरून? ती म्हणायची, लावल्या तरी तुमी परत शिजवताच की.

मग बाईंनी काढ्याची पुडी दिली. कसल्या मुळ्या, साली, वाळके काप. उकळून सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. ती पुडी मी नारायणगावच्या काष्ठौषधीच्या दुकानात नेली. दुकानदारानं वास घेतला, एक काडी चावली आणि म्हणाला, हे ज्येष्ठमध, ही सुंठ, बाकीचं आपल्या मुलखातलं नाही. बाकीचं काय आहे ते दुकानदारालाही कळत नाही, ते मी पोटात कसं घेऊ? काढा मी केला, पण गोठ्यामागच्या शेवग्याच्या बुडाशी ओतला. रोज ओतायचे.

पंधरा दिवसांनी बाईंनी माझी जीभ बघितली. "काढा छान लागू पडला," म्हणाल्या. "जिभेचा लाल रंग उतरलाय."

भावजयीला सगळं माहीत होतं. तिनं तोंडाला पदर लावला. मी मात्र मनात म्हटलं, सापडली. जीभ बघून हिला काही कळत नाही. पायात वहाणा घालून घरी जायचं आणि परत पाऊल टाकायचं नाही, असं ठरवलं.

पण गोष्ट एवढी सरळ नव्हती, कारण वाफा खरंच कमी झाल्या होत्या. दिवसातून पुन्हा पुन्हा यायच्या त्या आता क्वचित यायच्या, आणि पहाटेपर्यंत झोप लागायची. यांनीसुद्धा ओळखलं होतं. सुयांमुळे, की त्या आपोआपच सरत होत्या, की आठवड्यातून एक दिवस बूथच्या बाहेर पडून भावजयीबरोबर मंचरला मिसळ खायला मिळत होती म्हणून? मी ठरवू शकले नाही. ज्या बाईचं खोटं मी पकडलं होतं तिच्याकडे मी जात राहिले, काढा ओतत राहिले, कुकर लावत राहिले. पुढे आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा जायला लागले.

पाळी थांबून वर्ष उलटून गेलं आणि एका सकाळी कपड्यावर डाग दिसला. चार दिवसांनी परत. मला वाटलं पाळीच परत आली असेल. गुरुवारी बाईंकडे गेले, कॉटवर आडवी झाले आणि सहज बोलण्यात सांगितलं. त्यांनी हातातली सुई परत नळीत टाकली.

"उठून बसा," त्या म्हणाल्या. "वर्षभर बंद झाल्यावर रक्त दिसलं तर ते माझं काम नाही. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात जा. आतला तुकडा काढून तपासतात, तो तपासा. त्याचा रिपोर्ट यायच्या आधी कोणी पिशवी काढा म्हटलं तर हो म्हणू नका."

त्यांनी ते दोनदा सांगितलं, आणि मी गाडीत बसेपर्यंत माझ्या मनात शंका तयार होती. आजवर सगळ्यावर सुया चालत होत्या, आज का नाही? अंगावर येऊ नये म्हणून हात झटकतेय. नाहीतर पुण्यात कोणी ओळखीचं असेल.

घरी यांना सांगितलं. हे घाबरले. गावात एक जीपवाला होता, कोणाच्याही घरी आजारपण असो, लग्न असो, दहावा असो, आधी हजर. यांनी त्याचा सल्ला घेतला. त्यानं दुसऱ्याच दिवशी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. तो दवाखाना आता तिथं नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि मला बाहेर बसवून यांच्याशी बोलले. हे बाहेर आले तेव्हा ओठ सुकले होते. पिशवी खराब झालीय, आत्ताच काढली तर बरं, नाहीतर पुढे कॅन्सर होतो, असं सांगितलं होतं. सोमवार ठरवूनच आले होते.

मी विचारलं, तुकडा तपासला का? हे म्हणाले, काढल्यावर तपासतील ना.

मला तेही पटत नव्हतं आणि मंचरच्या बाईही पटत नव्हत्या. भीती मात्र बसली होती. कॅन्सर हा शब्द एकदा कानावर पडला की माणूस कशालाही हो म्हणतो. मी हो म्हणाले. भावजयीला फोन केला. ती सोमवारी येते म्हणाली.

शनिवारी दुपारी गावातल्या दुसऱ्या बूथची लाइन बंद होती, त्यामुळे माझ्याकडे गर्दी होती. गर्दी ओसरल्यावर जीपवाला आला. केबिनमध्ये गेला, दार ओढून घेतलं. त्याला वाटलं लागलं, पण फट होतीच. मी मीटरकडे बघत बसले होते. आधी जीपच्या टायरचं काहीतरी बोलणं झालं, मग आवाज खाली आला.

"या आठवड्यात तीन पिशव्या झाल्या ना, सर? चौथी सोमवारी येतीय. न्हाई न्हाई, पक्की हाय, मालक तयार हाय तिचा. माझं तेवढं बगा."

तो बाहेर आला. पैसे ठेवले. माझ्याकडे बघून हसला आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "वैनी, घाबरायचं न्हाई. आमी हाय ना."

मी सुटे पैसे परत दिले. तो गेल्यावर मी केबिनमध्ये जाऊन त्याच स्टुलावर बसले. गावातल्या बायका एकेक करून आठवायला लागल्या. वरच्या आळीतली, पस्तिशीचीही नसेल, तिची काढली होती. शाळेमागची, तिची काढली होती. दोघी कंबर धरून चालायच्या. दोघींना त्याच्याच जीपनं नेलं होतं.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. तो आपला माणूस आहे, तू अर्धवट ऐकलं असशील, असं म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द. तेव्हा हे चिडले.

"तू सगळ्यांवरच संशय घेतीस. त्या सुईवाल्या बाईवर घेतलास, आता याच्यावर. उद्या माझ्यावर घेशील."

"सुईवाल्या बाईनं मला तिच्याकडून दुसरीकडे पाठवलं," मी म्हणाले. "हा मला कशासाठी नेतोय ते बघा. पुण्याला एकदा तपासून येते. तिथंही काढा म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही."

हे बराच वेळ गोठ्यात गाईंशी काहीतरी करत राहिले. मग येऊन म्हणाले, जाऊन ये.

सोमवारी जीपवाला सकाळी दारात आला तेव्हा मी आणि भावजय पुण्याच्या गाडीत होतो. त्याला यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात रांग मोठी होती. दोन हेलपाटे झाले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांच्यावरही माझा विश्वास नव्हता, एवढी लहान पोरगी काय बघणार. त्यांनी मला भूल देऊन आतून तुकडा काढला, आणि सांगितलं की पिशवीच्या तोंडाशी मांसाचा एक छोटा कोंब होता, तोही काढलाय. रिपोर्ट यायला दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही.

रिपोर्टात काही वाईट निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पिशवी आहे तशी राहू दे, परत रक्त दिसलं तर मात्र लगेच या. भावजय तिथंच बाकावर बसली आणि रडायला लागली. मी तिला धरून उभी राहिले. माझ्या मनात त्या क्षणीही येऊन गेलं, रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा तर नसेल? मी परत जाऊन त्यावरचं नाव वाचून आले.

मंचरच्या बाईंना रिपोर्ट दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला आणि चहा टाकला. सुया लावू का, असं विचारलं. मी म्हटलं, नको, आता वाफा फारशा येत नाहीत. त्यांनी आग्रह केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली आणि त्या गेल्या. भावजयीचे गुडघे त्यानंतर वर्षभरात पुन्हा धरले. माझ्या वाफा मात्र कमी होत होत थांबल्या. सुया नसताना थांबल्या. त्यावरून काय समजायचं, ते आजवर मला नक्की सांगता आलेलं नाही.

जीपवाला माझ्या बूथवर परत आला नाही. गावात मी ते बोलणं काही बायकांना सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी माझ्याकडे यांच्यासारखंच बघितलं.

मोबाइल आल्यावर केबिन काढली आणि तिथं रिचार्जचं दुकान टाकलं. एक दिवस शेजारची सून दुकानात आली. तिलाही कुठल्या तरी दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलं होतं. वय चाळिशीच्या आतच. मी तिला बसवलं, माझी सगळी हकिगत सांगितली, आणि म्हटलं, अजिबात हो म्हणू नकोस. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि मी तिला पुण्याला घेऊन गेले. रस्ताभर मी तिला त्या डॉक्टरांविरुद्धच सांगत होते. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, तुकडा पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर सांगितलं की गाठी मोठ्या आहेत, रक्त फार गेलंय, हिची पिशवी काढावीच लागेल. पहिल्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं.

तिचं ऑपरेशन पुण्यालाच झालं. मी दोन दिवस तिच्याजवळ राहिले. तिच्या सासूनं मला बोल लावला, तुमच्या नादानं दिवस वाया गेले म्हणाली. ती पोरगी आता छान आहे, टोमॅटोच्या वाफ्यात वाकून काम करते. मला बघितलं की हाक मारते.

परवा तिनंच विचारलं, "काकी, माझ्या जावेला नेताल का पुण्याला? तिलाबी काढ म्हणलेत."

मी विचारलं, तुकडा तपासलाय का? ती म्हणाली, नाय.

म्हटलं, मग उद्या सकाळच्या गाडीनं निघू.